नवजात बाळाच्या अंगावरचे डाग आणि पुरळ: कुठे थांबायचं, कुठे धावायचं

माझी मुलगी दुसऱ्या दिवशी पहाटे दुपट्यातून उघडली, तेव्हा तिच्या छातीवर लाल चट्टे उठले होते. प्रत्येक चट्ट्याच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा पिवळसर ठिपका. मी ती पूर्ण रात्र जागून काढली. ते पुरळ तीन दिवसांत गेलं, मागे खूणही राहिली नाही. पण त्याच आठवड्यात तिच्या डाव्या डोळ्याखाली, पापणीच्या कडेला एक फिकट ठिपका दिसत होता. कुठेतरी नख लागलं असेल म्हणून मी तो सोडून दिला. पाचव्या आठवड्यात त्याचा लालभडक उंचवटा झाला आणि पापणी खाली ओढली जायला लागली.

घाबरायचं कुठे आणि लक्ष ठेवायचं कुठे, यात माझी पूर्ण उलटापालट झाली होती. नंतर बालरोगतज्ज्ञांकडून आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून जे समजून घेतलं, ते इथे क्रमाने मांडते आहे. बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरांची जागा हा लेख घेऊ शकत नाही, पण त्यांच्याकडे कधी आणि काय घेऊन जायचं हे तुम्हाला नक्की कळेल.

१. हाताशी काय ठेवायचं

फार काही लागत नाही:

- एक छोटी वही किंवा फोनमधली नोंद. डाग पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला, एवढं तरी त्यात हवंच.
- बाळाचा डिजिटल थर्मामीटर.
- कागदाची किंवा कापडी मोजपट्टी.
- बिनवासाचं साधं पेट्रोलियम जेली आणि झिंक ऑक्साइडचं मलम.
- मऊ सुती कापडं, मऊ ब्रश, नखं घासायची बारीक कानस.
- डिस्चार्ज कार्ड, जन्माच्या वेळचं वजन आणि आठवडे लिहिलेला कागद, लसीकरणाचं कार्ड.

फोटो काढायचा तर खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. शेजारी मोजपट्टी धरा. दर वेळी त्याच जागी, साधारण त्याच अंतरावरून काढा. रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोवरून डॉक्टरांनाही काही सांगता येत नाही. माझे पहिले वीस-पंचवीस फोटो असेच वाया गेले.

२. कोणताही डाग दिसला की आधी चार प्रश्न

आपण डागाच्या रंगाकडे बघून घाबरतो. खरी माहिती मात्र तो कधी आला आणि कसा बदलतोय, यात असते.

एक, जन्मतः होता की नंतर आला? दोन, बोटाने हलकेच दाबून सोडलं की क्षणभर फिका पडतो का? तीन, एकाच जागी आहे, जागा बदलतोय की वाढतोय? चार, बाळ नेहमीसारखं दूध पितंय का, जागं असताना तरतरीत आहे का, अंग गरम किंवा गार तर लागत नाही?

चौथा प्रश्न सगळ्यात मोठा. अंगभर पुरळ असलेलं पण छान पिणारं बाळ आणि दोनच फोड असलेलं पण मलूल बाळ, यांत दुसऱ्याची काळजी कितीतरी जास्त.

३. पहिल्या काही दिवसांत दिसतं आणि आपोआप जातं

जन्मल्यावर अंगावर पांढरा, लोण्यासारखा थर असतो. त्याला व्हर्निक्स म्हणतात. तो घाण नाही, त्वचेचं संरक्षण आहे. घासून काढू नका, त्वचेत जिरू द्या. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही पहिली अंघोळ २४ तासांनंतर घालावी असाच आहे.

हात-पाय निळसर दिसणं पहिले एक-दोन दिवस चालतं, कारण टोकापर्यंतचं रक्ताभिसरण अजून स्थिरावत असतं. जीभ, ओठ किंवा तोंडाच्या आतला भाग निळा दिसला तर मात्र एक मिनिटही थांबायचं नाही.

गार लागलं की अंगावर जांभळट जाळी उमटते. ऊब दिली की जाते. क्वचित बाळ कुशीवर असताना खालची बाजू लाल आणि वरची फिकी होते, मधोमध रेघ मारल्यासारखी. बघणाऱ्याचा जीव घाबरतो, पण काही सेकंदांत किंवा मिनिटांत रंग पूर्ववत होतो. रक्तवाहिन्यांवरचं नियंत्रण अजून पक्कं झालेलं नसल्यामुळे असं होतं.

हातापायांची साल निघणं, विशेषतः तारखेनंतर जन्मलेल्या बाळांत, नेहमीचंच. साल ओढू नका. खांद्या-पाठीवरची लव काही आठवड्यांत झडते. वरच्या ओठावर मधोमध चोखण्याने छोटा फोड येतो. तोही तसाच राहू द्या.

४. पुरळ आणि पुटकुळ्या

माझी झोप उडवणाऱ्या त्या पुरळाचं नाव इरिथिमा टॉक्सिकम. नावात ‘टॉक्सिकम’ असलं तरी त्यात विषारी काहीही नाही. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या जवळपास निम्म्या बाळांना ते येतं, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. डास चावल्यासारखे लाल चट्टे, मधे पिवळट-पांढरा ठिपका. तळहात आणि तळपाय सहसा सुटतात. आणि याची खरी ओळख म्हणजे ते जागा बदलतं: सकाळी छातीवर होतं ते दुपारी नाही, आणि आता मांडीवर आहे. मी पेनाने तारीख-वेळ लिहीत गेले तेव्हाच हे माझ्या लक्षात आलं. आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ण जातं. काहीही लावायचं नसतं.

नाकावर, गालांवर दिसणारे बारीक पांढरे दाणे म्हणजे मिलिया. त्वचेखाली केरॅटिन (त्वचेतलंच एक प्रथिन) अडकून ते होतात. पुटकुळी समजून दाबू नका, सुईने तर मुळीच फोडू नका. काही आठवड्यांत स्वतःच निघून जातात. तोंडाच्या आत टाळ्यावर किंवा हिरडीवर असेच पांढरे मणी दिसले तर दात आला म्हणून दचकू नका. तेही असेच विरतात.

सावळ्या वर्णाच्या बाळांत एक प्रकार जास्त दिसतो. जन्मतःच हनुवटीवर, मानेवर, पाठीवर नाजूक पुटकुळ्या असतात. त्या पुसतानाच फुटतात, कडेला बारीक पापुद्रा राहतो आणि मागे तपकिरी ठिपके उरतात. ते फिके व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात. हा संसर्ग नाही. पण जन्मतः पू दिसणाऱ्या पुटकुळ्या असतील तर तो निर्णय घरी घेऊ नका, एकदा डॉक्टरांच्या नजरेखालून जाऊ द्या.

दोन ते चार आठवड्यांच्या सुमाराला गालांवर, कपाळावर लालसर पुटकुळ्या येतात. चेहरा दिवसातून एकदा साध्या पाण्याने पुसा आणि सोडून द्या. तेल, क्रीम लावाल तितकं लांबतं. घामोळं आलं तर कपड्यांचा एक थर कमी करा. औषधापेक्षा हवा उपयोगी.

डोक्यावर पिवळट, तेलकट खपल्या धरतात त्याला क्रेडल कॅप म्हणतात. बाळाला त्याने खाज येत नाही. अंघोळीच्या आधी थोडं पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं बेबी ऑइल लावून खपली मऊ करा, मऊ ब्रशने हलकेच फिरवा आणि धुऊन टाका. एका दिवसात सगळं काढायचा हट्ट नको. नखाने खरवडलं की जखम होते आणि तिथून जंतू शिरतात. टाळूवरही हलक्या हाताने धुतलं तर चालतं. तिथे हात लावायचाच नाही या भीतीनेच खपल्या साचत जातात.

५. सपाट डाग: निळे, गुलाबी, तपकिरी

कमरेखाली, ढुंगणावर, कधी खांद्यावर निळसर-राखाडी डाग असतो. आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बाळांत तो फारच सामान्य आहे. रंग तयार करणाऱ्या पेशी त्वचेच्या खोल थरात राहून गेलेल्या असतात, म्हणून वरून तो निळा दिसतो. शाळेच्या वयापर्यंत बहुतेकांचा फिका होतो. या डागाला उपचार लागत नाही, नोंद मात्र लागते. पुढे कोणाला तो मुका मार वाटू शकतो आणि नको ते प्रश्न उभे राहतात. माराचा डाग दुखतो आणि काही दिवसांत हिरवा-पिवळा होत जातो. हा दुखत नाही आणि आठवडाभरात बदलत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या तपासणीत डॉक्टरांना तो कागदावर जागेसह लिहायला सांगा.

कपाळावर, पापण्यांवर, मानेच्या मागे फिकट गुलाबी डाग असतो तो सॅमन पॅच. बाळ रडलं की तो गडद होतो, दाबलं की फिका पडतो. चेहऱ्यावरचा वर्ष-दोन वर्षांत बहुधा जातो. मानेवरचा राहूही शकतो, पण केसांखाली झाकला जातो.

इथे एक गल्लत होते. चेहऱ्याच्या एकाच बाजूला, कडा स्पष्ट असलेला गडद गुलाबी किंवा लालसर-जांभळा डाग असेल तर तो पोर्ट वाइन स्टेन असू शकतो. तो आपोआप जात नाही, बाळाबरोबर वाढतो आणि पुढे गडद होतो. कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर डोळ्यातला दाब आणि मेंदू या दोन्हींची तपासणी लागू शकते. लेझरचा उपचार उपलब्ध आहे, आणि तो लवकर सुरू करण्याचा फायदा होतो. ‘मोठेपणी बघू’ हे उत्तर इथे घेऊ नका.

दुधाळ कॉफीच्या रंगाचा एखादा डाग कित्येक निरोगी माणसांच्या अंगावर असतो. ५ मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा जास्त डाग असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजाराची शक्यता तपासतात. ते एकदम येत नाहीत, महिन्यांत वाढत जातात, म्हणून मधूनमधून मोजा.

जन्मतः असलेला काळा-तपकिरी तीळ एकदा दाखवून ठेवा, मोठा असेल तर लगेच. आणि पाठीच्या कण्याच्या रेषेवर, कमरेच्या खालच्या भागात डागासोबत केसांचा झुपका, खोल खळगा किंवा गाठ असेल तर तेही सांगा. खाली कण्यात काही दोष आहे का, हे त्यावरून तपासतात.

६. फिकट ठिपक्याचा लाल उंचवटा होतो तेव्हा

हा भाग सावकाश वाचा, कारण माझी चूक इथेच झाली.

इन्फंटाइल हिमँजिओमा ही रक्तवाहिन्यांची साधी, कर्करोग नसलेली गाठ आहे. जन्मतः ती बहुतेक वेळा दिसतच नाही. दिसलाच तर फिकट ठिपका, बारीक लाल तंतू किंवा खरचटल्यासारखी खूण, इतकंच. पहिल्या काही आठवड्यांत ती लाल होऊन वर येते आणि झपाट्याने वाढते. सगळ्यात जोराची वाढ साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात होते, आणि ३ ते ५ महिन्यांत बरीचशी वाढ झालेली असते. मग ती थांबते आणि पुढे काही वर्षांत ओसरत जाते. मुलींमध्ये आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत प्रमाण जास्त. त्वचेखाली खोल असेल तर लाल न दिसता निळसर मऊ फुगवटा दिसतो.

पाठीवर किंवा दंडावर छोटा असेल तर नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. पण डोळ्याजवळ, नाकावर, ओठावर, लंगोटाच्या जागी किंवा चेहऱ्यावर मोठा असेल तर वाट बघणं महागात पडतं. डोळा अर्धवट झाकला गेला तर नजर नीट घडत नाही. ओठावर किंवा लंगोटाच्या जागी तो फाटून जखम होते आणि ती फार दुखते. जबड्यावर दाढीसारखा पसरलेला असेल तर श्वासनलिकेतही असू शकतो. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर तातडीने जा. अंगावर पाच किंवा जास्त असतील तर यकृतात आहे का हे बघायला सोनोग्राफी करतात.

मी आमच्या मुलीला पुढच्या लसीच्या तारखेला दाखवू म्हणून थांबले. ती तारीख येईपर्यंत ऐन वाढीचे आठवडे निघून गेले. ‘आपोआप जातं’ हे वाक्य खरं आहे, पण ते सगळ्या जागांना लागू नाही. अशा नाजूक जागी फिकट किंवा लाल ठिपका दिसला तर बाळ महिन्याचं व्हायच्या आत दाखवा. आठवडाभर दर दोन दिवसांनी काढलेले फोटो इथे सोन्याच्या मोलाचे ठरतात.

उपचार आहे, आणि चांगला आहे. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी नोंदवलं की, हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलेल्या बाळाचा हिमँजिओमाही मऊ आणि फिका पडला. तेव्हापासून तेच मुख्य औषध झालं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू होतं, हृदयाचे ठोके तपासून आणि वजनावर मात्रा ठरवून. घरी पाळायचा नियम एकच, पण कडक: औषध दूध पाजतानाच किंवा पाजल्यावर लगेच द्यायचं. बाळ पीत नसेल किंवा उलट्या होत असतील तर ती मात्रा न देता डॉक्टरांना फोन करायचा, कारण रक्तातली साखर खाली जाऊ शकते. आमच्या घरी औषधाच्या बाटलीला याची चिठ्ठीच चिकटवली होती. मुलीची पापणी सुटी झाली आणि डोळा नीट उघडायला लागला, पण त्याआधीचे दोन आठवडे मी विसरलेली नाही.

७. त्वचा पिवळी दिसत असेल तर

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी सौम्य कावीळ बऱ्याच बाळांना होते. सावळ्या त्वचेवर ती पटकन कळत नाही, म्हणून डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघा. कपाळ किंवा छाती बोटाने दाबून सोडताच त्वचा पिवळी दिसते का तेही बघा. पण किती आहे याचा अंदाज नजरेवर सोडू नका. ते रक्तातलं बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) मोजूनच ठरतं.

पहिल्या २४ तासांत आलेली कावीळ, तळहात-तळपायापर्यंत उतरलेली कावीळ, पिवळेपणासोबत सुस्ती किंवा दूध सोडणं, यांत त्याच दिवशी दवाखाना. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा टिकला, शी पांढुरकी किंवा शू गडद पिवळी होत असेल तर पित्तनलिकेची तपासणी लागते आणि तिथे उशीर परवडत नाही. उन्हात धरणं हा फोटोथेरपीला, म्हणजे दवाखान्यातल्या खास दिव्याखालच्या उपचाराला, पर्याय नाही. बाळ भाजतं किंवा गारठतं, आणि मोलाचा वेळ जातो.

८. रोजची निगा

नवजात बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचं क्षेत्रफळ कितीतरी जास्त. म्हणून वरून लावलेलं औषध अंगात जास्त शोषलं जातं. कमी लावणं हीच इथे चांगली निगा.

आठवड्यातून दोन-तीन अंघोळी पुरतात. पाणी साधारण ३७ अंश सेल्सिअस; कोपर बुडवून बघा, गरम लागता कामा नये, नुसतं कोमट लागावं. पाच ते दहा मिनिटांत आटपा. साबण हवाच तर बिनवासाचा, सौम्य. मान, काख, जांघ यांच्या वळ्यांत दूध आणि घाम साचतो. त्या रोज ओल्या कापडाने पुसून टिपून कोरड्या करा. घासू नका, टिपा.

त्वचा कोरडी असेल तर पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर अंग किंचित ओलं असतानाच लावा. ऑलिव्ह तेल नैसर्गिक म्हणून सर्रास सुचवलं जातं, पण त्यात ओलेइक आम्ल जास्त असतं आणि ते त्वचेच्या वरच्या थराची घडण सैल करतं. कोरडी किंवा एक्झिमाकडे (त्वचा कोरडी, लाल होऊन खाजते तो आजार) झुकणारी त्वचा असेल तर ते टाळाच.

नाळ कोरडी ठेवा, लंगोट तिच्या खाली दुमडा, ओढू नका. एक ते तीन आठवड्यांत ती गळते. भोवतालची त्वचा लाल होऊन लाली पसरत असेल, पू किंवा दुर्गंध येत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

लंगोटाचं पुरळ शू-शीच्या ओलाव्याने येतं. लवकर बदला, पाण्याने धुवा, थोडा वेळ उघडं ठेवा, मग झिंक ऑक्साइडचा जाड थर द्या. पुढच्या वेळी तो थर पूर्ण खरवडून काढायची गरज नसते, घाण झालेला भाग तेवढा पुसा. जांघेच्या वळ्यांच्या आत गडद लाल आणि कडेने सुटे लाल ठिपके असतील तर ती बुरशी. तिला वेगळं मलम लागतं. मुलीला पुसताना नेहमी पुढून मागे.

९. हे लावू नका

- पावडर, कोणतीही. ती श्वासातून फुप्फुसात जाते.
- बोरिक अ‍ॅसिड आणि कापूर असलेली मलमं. दोन्ही लहान बाळाला विषारी ठरतात. कापराने झटके येऊ शकतात.
- घरात पडून असलेलं ‘सगळ्यावर चालणारं’ मलम. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं.
- अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक.
- सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनच्या भरवशावर ऊन दाखवू नका. सावली आणि कपडा हेच संरक्षण.

१०. इथे वाट बघायची नाही

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश किंवा जास्त ताप, किंवा उलट अंग थंडगार पडणं. पाण्याने भरलेल्या फोडांचा पुंजका, विशेषतः पहिल्या महिन्यात. तो नागिणीच्या कुळातल्या हर्पीसचा असू शकतो आणि त्यात तास मोजावे लागतात. पारदर्शक काचेच्या पेल्याने दाबूनही न विरणारे लाल-जांभळे ठिपके. पसरत जाणारी गरम लाली, भाजल्यासारखी सुटणारी त्वचा. आणि पुरळ कसंही असो, बाळ पीत नाही, उठत नाही, श्वास जोरात चालतोय, तर थेट तातडीच्या विभागात.

११. डॉक्टरांकडे जाताना

भाग १ मधले कागद, तारखांसह फोटो आणि आतापर्यंत जे काही लावलं त्याच्या ट्यूबा सोबत घ्या. नाव विसरतं, ट्यूब विसरत नाही. आई घेत असलेली औषधं आणि घरात कोणाला एक्झिमा आहे का, हे लिहून न्या. जायच्या आधी डागावर काहीही लावू नका. बाळाला सहज उघडता येतील असे कपडे घाला आणि पूर्ण अंग बघायला सांगा. मी फक्त चेहरा दाखवून परत आले असते, तर मुलीच्या डोक्यावर केसांत लपलेला दुसरा छोटा हिमँजिओमा तेव्हा सापडला नसता.

उठण्याआधी तीन गोष्टी विचारा: हे काय आहे, किती आठवड्यांत कसं बदलेल, आणि काय दिसलं तर ठरलेल्या तारखेआधी यायचं? तिसऱ्याचं उत्तर तिथेच वहीत लिहून घ्या आणि डॉक्टरांना वाचून दाखवा.